मैनाबाईची परिषद

८ जानेवारी, गुरुवार

बॅग भरली, परत सोडली. कारण काही नाही. थंडी लय पडली अन् स्वेटर बॅगेत गेलं होतं.

श्रावणचा गोव्याहून फोन होता. गावचा दोस्त. ये म्हणे, इथं हॉटेलात साउंडवाला पाहिजे. मी म्हटलं येतो. सुरतले असाच गेलो, पुण्याले असाच. आता वर्ष होत आलं, चिखलदऱ्याच्या या रिसॉर्टात आहो. माईक, लाईट, गिझर, खुर्च्या — जे बिघडलं ते माझं. आठवीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणे, या पोट्ट्याच्या पायाले भिंगरी आहे. बरोबरच म्हणे.

मायशी बोललो. पोट दुखते म्हणे पुन्हा. डॉक्टरनं मुतखडा सांगितला, पाणी जास्त पेत जा म्हणून. ती कुठची पेते! मंगळवारी बाजारात भाजी घेऊन बसली की दिवे लागेपर्यंत घोट नाही. लहानपणापासून पाहून राहिलो. मी म्हटलं, माय, तू उंट आहे उंट! लय हासली. मग म्हणे, तू एका जागी कवा बसशीन?

१० जानेवारी, शनिवार

आज मजाच झाली!

शेठ म्हणे हॉल झाड, परिषद आहे. दुपारी मिनीबस आली. दार उघडलं अन् आवाज आला — "अबे, इथं तं लयच गार हाये बाप्पा!" मी जागीच थांबलो. आमच्या गावची बोली! आमच्याच गावचे नगरसेवक, बसभर. पुढं महादेवराव, पांढरे कपडे, काळा चष्मा. मागून गुलाम नबी चाचा, गळ्यात मफलर. बाया पाच-सहा. अन् सगळ्यात शेवटी कोण? मैनाबाई! माझ्या मायच्या बाजूले बाजारात हळद-मिरची घेऊन बसते ती. यंदा अपक्ष निवडून आली हे माहीत होतं. पण ती इथं!

"रुख्मिणीचा गोपाल ना तू? किती वाळला रे! जेवाले देत नाई का हे लोक?" सगळ्यायच्या समोर! शाकीब किचनमधून पाहून हासत होता. शाकीब इथला आचारी, अचलपूरचा.

महादेवरावनं बॅनर आणलं. मी अन् शाकीबनं चढवलं. "शहर प्रतिनिधी परिषद — शहराचे प्रश्न आणि पाठपुरावा". शहराचा फोटो आगपेटीएवढा, महादेवरावचा दारापेक्षा मोठा.

मग सगळ्यायचे फोन जमा केले. परिषदेत वाजू नये म्हणून, म्हणे. कुठं ठेवावं? शाकीबनं पिठाचा रिकामा डबा दिला. मैनाबाईनं आपला फोन पदरानं पुसून दिला. "बरोबर हाये, कामाच्या टायमाले फोन नाई पाहिजे."

संध्याकाळी चाचा चहा प्यायले मागे आले. त्यायनं खरं सांगितलं. शुक्रवारी उपाध्यक्षाची निवड. महादेवरावले उभं राहायचं आहे. दोन्हीकडचे बरोबरीत, मधात एकटी मैनाबाई. तिचं मत ज्याले, तो उपाध्यक्ष. दुसऱ्या पार्टीनं तिले गाठू नये म्हणून सगळे उचलून इथं आणले. बॅनर काय, घरच्यायले अन् पेपरवाल्यायले दाखवाले.

शाकीब म्हणे, "तो ये परिषद नहीं चाचा, कोंडवाडा हुआ!"

चाचा म्हणे, "कोंडवाड्यात रबडी भेटते का रे? चूप बैठ."

मी विचारलं, मैनामावशीले माहीत आहे का? चाचानं मान हालवली. "त्या बाईले खरंच परिषद वाटून राहिली बेटा. येता येता बसमधी भाषण पाठ करत होती."

११ जानेवारी, रविवार

काय लिहू!

सकाळी सगळे लॉनवर. शेकोटी, पत्ते, रमी. बाया स्ट्रॉबेरी आणाले जाऊ का म्हणून विचारत होत्या, महादेवराव गेटबाहेर सोडेना. मी हॉलमधी खुर्च्या पुसाले गेलो तर मैनाबाई पहिल्या रांगेत बसलेली. नवं लुगडं, कपाळभर कुंकू. एकटीच.

"गोपाल, कवा सुरू होते रे?"

मी म्हटलं होईन, येतील. गिझर दुरुस्त करून आलो, तरी ती तशीच. हातातला रुमाल घडी करते अन् उकलते. मले पाहवलं नाही. म्हटलं मावशी, तोवर माईक पाहून घ्या. आवाज बरोबर येते का नाही ते. ती लाजली. मग उठली, स्टेजवर गेली, दोन्ही हातानं माईक धरला. मी मशीन सुरू केलं.

रिकाम्या खुर्च्यायले नमस्कार केला तिनं! "अध्यक्ष महोदय, अन् माझ्या भावाहो, बहिणीहो."

म्हणे, मी बाजारातून निवडून आली. बाजाराचंच बोलतो. आमच्या बाजारात बायायसाठी संडास नाई, मुतारी नाई. मानसं भिंतीकडे तोंड करते, त्यायचं भागते. बाईनं कुठी जाव? नाल्यामागं गेलं तं पोट्टे उभे राहते.

मग म्हणे, "माह्या बाजूले रुख्मिणी बसते. सकाळपासून दिवे लागेलोक पान्याचा घोट घेत नाई. लोकायले वाटते तिले तहान नाई लागत. तहान लागते! पन पेलं तं जाव कुठी? आमी बाया तहान गिळून बसतो. तिले खडा झाला. डॉक्टर म्हनते पानी पे. डॉक्टरले म्हना, तू ये अन् बस आमच्या बाजारात."

माझ्या हातात फडकं होतं. ते तसंच.

उंट म्हटलं होतं मी. अन् ती हासली होती.

तेवढ्यात बाहेर गलका ऐकू आला अन् माझ्या ध्यानात आलं — काल रात्रीच्या पार्टीसाठी लॉनवर लावलेले दोन मोठे स्पीकर काढलेच नव्हते! मैनाबाईचा शब्द न् शब्द बाहेर! खिडकीतून पाहिलं. पत्ते हातात तसेच धरून सगळे स्पीकरकडे पाहून राहिले होते. महादेवराव पळत आला. "बंद कर बे ते! बंद कर!"

मी मशीनवर वाकलो. म्हटलं, "साहेब, बटन सापडून नाही राहिलं."

बटन माझ्या अंगठ्याखाली होतं.

पहिले बाया आल्या. मग चाचा. हातातले पत्ते त्यायनं महादेवरावच्या खिशात कोंबले अन् दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. "बोल बाई बोल. आमी आलो."

१२ जानेवारी, सोमवार

आज दिवसभर खरी परिषद झाली! मी दोनदा माईकचे सेल बदलले.

चाचा म्हणे, "माह्या वार्डात नळ येते तवा लोक झोपलेले, अन् लोक उठते तवा नळ झोपलेला." पौर्णिमाताई म्हणून एक तरुण नगरसेविका आहे. चाचा म्हणे हिचं सगळं हिचा नवराच बोलते. नवरा गावात राहिला, फोन पिठाच्या डब्यात. तर ही जी सुरू झाली! कचऱ्याची घंटागाडी, भर दिवसा जळणारे खांबावरचे दिवे, कुत्रे. थांबेचना. शेवटी स्वतःच तोंडावर हात ठेवला. "मंग पाठपुरावा करावा लागते ना, नाई तं काय," म्हणे.

जेवणाच्या आधी चाचानं आठवण काढली. नगरपरिषदेजवळ फिरत्या संडासाची गाडी आहे! मोठा पाहुणा आला की निघते, बाकी साल शेडमधी. "तिच्यात कोंबड्या अंडे देते, मी खुद पाहिलं."

मैनाबाई उभी राहिली. तिले तोवर सगळं समजलं होतं — काल बायायनंच सांगितलं असन, आपल्याले इथं कशाले आणलं ते. पण रागावली नाही. म्हणे, "महादेवराव, परवा संक्रांत. मले वाण पाहिजे. वाटी नको, डबा नको. ती गाडी पाहिजे, बाजारात. उद्या मंगळवार हाये."

"निवड होऊ द्या ना बाई, मंग—"

"आधी वाण. मंग मत."

बायायनं टाळ्या वाजवल्या. महादेवरावनं मले बोलावलं, फोन काढ म्हणे. इथं रेंज कधी येते, कधी जाते; भरवशाची फक्त पाण्याच्या टाकीवर. चढला बिचारा शिडीवर, चष्मा सावरत. कुणाकुणाले ओरडला, आमाले खाली सगळं ऐकू येत होतं. उतरला तेव्हा कान पिठानं पांढरा. कोणी सांगितलं नाही त्याले. जेवण होईपर्यंत तसाच फिरला!

१३ जानेवारी, मंगळवार

दुपारी महादेवरावच्या फोनवर फोटो आला. बाजाराच्या मधात गाडी उभी, धुतलेली, निळी. त्यानं हॉलभर फिरवला. टाळ्या झाल्या. मैनाबाईनं फोटो डोळ्याजवळ नेऊन पाहिला. तिचे डोळे भरले. "गाडी आली व माय," एवढंच म्हणे.

महादेवराव लय खुश. मले बाजूले घेऊन खांद्यावर हात टाकला. "तू आपल्या गावचा पोट्टा, इथं काय गिझर ठोकते? नगरपरिषदेत लाईटच्या कामावर लावतो तुले. घरी राह्य, मायजवळ." मायले किती बरं वाटलं असतं!

टाकीवर चढून मायले फोन लावला. आधी गाडीचंच विचारलं.

"आली ना. पन कुलूप हाये. पानी बी नाई तिच्यात. एक पोट्टा आला, फोटो काढला, चालला गेला."

उतरलो. चहा उकळत होता. मैनाबाई शाकीबजवळ उभी राहून संक्रांतीच्या तिळाचं विचारत होती. सांगू का नको? सांगितलं तर गावातलं काम गेलं. चहा उतू गेला, शाकीब माझ्यावर ओरडला. मग सांगून टाकलं.

मैनाबाई सरळ हॉलमधी गेली. माईक मीच सुरू करून दिला.

"महादेवराव, फोटोतल्या संडासात मी जाऊ कशी?"

असा हासा उठला! चाचा तर खुर्चीतून घसरले. महादेवरावचं तोंड लाल. पहिले मैनाबाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. समजलं त्याले. पण सगळे हासून राहिले तर तोही मधात थोडा हासला. मग गुमान टाकीवर चढला.

१४ जानेवारी, संक्रांत

मिनीबस गेली. जाताना सगळ्यायनं तिळगूळ दिला. महादेवरावनं माझ्या हातचा घेतला अन् बसमधी चढला. गावातल्या कामाचं तर नावच नाही. शेठ म्हणे, पुढच्या वेळी बटन सापडलं नाही तर तू सापडणार नाही. शाकीब अजून चिडवून राहिला.

मैनाबाईनं तिळाचे लाडू केले होते, किचनमधी, शाकीबले बाजूले सारून. माझ्या हातावर ठेवत म्हणे, "अजून मत देल्लं नाई म्या. गाडीची किल्ली हातात आल्याबिगर हात वर होत नाई हा."

बस वळणाआड गेली. हॉल एकदम रिकामा. बॅनर काढलं, पण फेकवलं नाही. खोलीत थंडी येते त्या खिडकीले बांधलं. आता महादेवराव वारा अडवते.

१६ जानेवारी, शुक्रवार

चाचाचा फोन आला. मागं फटाके.

महादेवराव उपाध्यक्ष झाला. एका मतानं.

"अरे सुन तो! हात वर कराची वेळ आली तं बाई बसूनच. सगळे पाहून राहिले. मंग तिनं हात पुढं केला, असा, पसरून. महादेवरावनं खिशातून किल्ली काढली, देल्ली. बाईनं पदराले गाठ मारली अन् तवा कुठी हात वर केला. आपन तं हासून हासून मेलो!"

मी मायले सांगितलं. ती म्हणे, "पाहू मंगळवारी." तिचा कुठं भरवसा बसते!

श्रावणचाही फोन. कधी निघते? मी म्हटलं, मंगळवार होऊ दे.

२० जानेवारी, मंगळवार

भर दुपारी मायचा फोन, बाजारातूनच. मागं मेथीच्या, संभाराच्या जुड्यायची हाळी, लोकायचा गलका.

"गोपाल, आज तांब्याभर पानी पेली." मग म्हणे, "बाजारातलं पानी इतकं गोड असते, मले माहीतच नव्हतं रे."