सावळ्या हातांचा बदाम

४ मार्च, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं, दुकानात इस्त्री तापत ठेवून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन आईच्या हातात असतो आणि आलेलं सगळं ती शेजारच्या काकूंकडून वाचून घेते, म्हणून कागदावर लिहितो.

दादा खाणीवर गेल्यापासून रोज संध्याकाळी दोन हातांनी बदाम केलेलं ते चित्र पाठवतो. आईला अक्षर येत नाही. बदाम आला की लेक सुखरूप, एवढं तिला कळतं. फोनमधले हात मुळात पिवळे असतात. कावीळ झाल्यासारखे दिसतात म्हणून दादाने मुद्दाम सावळे निवडले होते. गेल्या सोमवारपासून पुन्हा पिवळे येतायत. एकदा निवडलेला रंग फोन विसरत नाही. म्हणजे फोन बदलला, नाहीतर हात.

फोन लावला तर उचलत नाही. पाठ कशी आहे म्हणून विचारलं, तर उत्तरात पिवळा बदाम. ठेकेदाराचं ऑफिस तुझ्या गावात आहे. जाऊन येशील का?

तुझा शंकेखोर,
बारक्या


९ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

हसले रे! लहानपणीही तू बटणं मोजून शर्ट घालायचास.

काल ऑफिसात गेले. कारकून भला वाटला, पाणीबिणी दिलं. दादा ठणठणीत आहे, खाली रेंज नसते, वर आला की बदाम पाठवतो, म्हणाला. निघताना तुझं पिवळ्या हातांचं वेड सांगितलं, तर मनापासून हसला. आधी कोणता रंग होता, तेही विचारलं. मी सांगितलं. एवढंच खटकलं, की त्याच्या टेबलाच्या खणात सारखे फोन थरथरत होते आणि तो एकही उचलत नव्हता.

आईला जप. स्वतःच्या जिवाला घोर लावू नकोस.

तुझी ताई


११ मार्च, दुपारी सव्वातीन, दुकान बंद करून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठ तारखेच्या संध्याकाळी हात पुन्हा सावळे आले. आईने हाक मारून दाखवले. मलाही हायसं वाटलं. मग आज तुझं पत्र आलं.

ताई, रंगाचं मी फक्त तुला कळवलं होतं. तू फक्त त्या कारकुनाला बोललीस.

आज रात्रीच्या गाडीने निघतोय. हे पत्र आत्ता दुपारच्या एसटीच्या ड्रायव्हर काकांच्या हाती पुढे धाडतो. मी येईपर्यंत त्या ऑफिसची पायरी चढू नकोस. आईला तुझ्याकडे येतो एवढंच सांगितलंय.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

बारक्या

ता. क. आईने आत्ताच दादाला बदाम पाठवला. काकूंकडून तिनेही सावळा रंग शिकून घेतलाय. त्या खणात एक फोन थरथरला असेल.