नागपूरची पिशवी अन् तनूचा खोकला

८ सप्टेंबर, सोमवार

या घरात मले काही विचारायची रीतच उरली नाही. नागपूरहून फोन येऊन गेला, आपरेशनची तारीख ठरली, पिशवी माळ्यावरून खाली आली, अन् मले कवा कळलं? म्हशीचं दूध काढून मी घरात आली तवा. पिशवी दिसली म्हणून कळलं. नाहीतर पोट्टीले चिरून आणल्यावरच सांगतलं असतं.

सून म्हणे, "आई, आत्ताच फोन आला, सांगनारच होती." रेखा खरं बोलते तवा माझ्या तोंडाकडे पाहते. आज हातातल्या चादरीकडे पाहत होती.

१७ तारखेले भरती. माझ्या नातीच्या, तनूच्या, काळजाले भोक आहे म्हणतात. शाळेत डाक्टर लोक पोरं तपासायले आले होते. सगळ्यायच्या छातीले नळी लावली अन् पुढं गेले, हिच्या छातीवरून नळी हलेचना. मंग वाशीम झालं, मंग नागपूर, मंग मशीनवरचा फोटो. मी म्हणलं, तिसरीतल्या लेकराचं काळीज ते केवढं, त्याले भोक केवढं असणार. पण एक गोष्ट मी आधीपासून पाहून आहे. शाळेत जाताना चढावर ती मधातच बसते. कोणी पाह्यलं तं चपलेचा पट्टा नीट करते. पट्टा चांगला असते.

फुकट करणार म्हणे. हे मले खपत नाही. गावात कोणी फुकट चहा पाजला तं मी आधी विचारतो, मत कोणाले द्यायचं बाप्पा? हे तं काळीज शिवून देऊन राह्यले.

९, मंगळवार

बाकीचे लोक महिनोनमहिने वाट पाहतात अन् आपली तारीख अशी पटकन कशी लागली? गजाले जाऊन विचारलं, तो थ्रेसरखाली झोपून ग्रीस भरत होता. लेक माझा, पण बोलते असा की शब्दाले कर लागते. "माय, पितरांचा पंधरवडा हाये. या दिवसात कोनी लेकराचं आपरेशन करू देत नाई. पुढचे नाई म्हनले, आपला नंबर वर आला."

म्हणजे दुसऱ्यायनं टाकलेली तारीख आपण उचलली.

वच्छलीले हे सांगायले नोको होतं. बाजूचीच आहे, भिंतीतून ऐकते. म्हणे, "माय वं, पितरात? नवं कापड घेत नाई आपन, अन् तुमी पोट्टीचं पोट फाडायले निघाले?"

"पोट नाई, छाती," मी म्हणलं. "अन् माह्या म्हाताऱ्याले जित्तेपनी कोनत्याच गोष्टीची घाई नव्हती. मेल्यावर कायले आडवा येते?"

गेली तोंड वाकडं करून. पण मनात माझ्याही चरचर आहेच. लिहून ठेवतो, तिले सांगणार नाही.

१०, बुधवार

आज नागपूरहून दवाखान्यातल्या बाईचा फोन. काय काय आणायचं ते सांगायले. रेखानं मोबाईल ओट्यावर ठेवला अन् आवाज मोठा केला, हात पिठात होते. बाई चांगल्या शाळेतली असावी, "तुम्ही ना" म्हणून बोलत होती.

समोरून उघडणारे सदरे. डोक्यावरून घालायचं काही नोको, छातीले टाके राहतीन. नखं कापून. नखाले रंग नोको. डोक्यात उवा नोको. चादर, ताट-वाटी, आधीचे सगळे कागद. सोन्याचं काही आंगावर नोको. (आहे कुठं?)

मंग बाई म्हणे, "आणि हे महत्त्वाचं. सर्दी, खोकला, ताप काही असेल तर..."

तर काय? रेखानं पिठाच्या हातानं मोबाईल उचलला, कानाले लावला अन् आंगणात गेली. तारेवरचे कपडे काढल्यासारखं करत होती. कपडे ओले होते.

आली तवा विचारलं, "काय म्हने?"

"काही नाई, आई. काळजी घ्या म्हने."

११, गुरुवार

समोरून उघडणारं तनूजवळ एकही नाही. सगळे फ्राक मानेतून घालायचे. नवं घ्यायचं नाही, पितर. म्हाताऱ्याचे दोन सदरे पेटीत होते, ते काढले. कापड अजून चांगलं. गल्लीतल्या शिलाईवालीजवळ नेले, म्हणलं हे आखूड कर, बाह्या कापून टाक, बटनं तशेच ठेव. म्हणजे नवं बी नाही अन् पोट्टी उघडी बी नाही. वच्छली पाहत होती. बोलायले तिले काही सापडलं नाही.

दुपारी तनूच्या उवा काढल्या. मांडीवर डोकं.

"आजी, डाक्टर उवा मोजते का?"

"मोजते. अन् शाळेत सांगते."

"मंग सगळ्या काढ."

नखाचा रंग गौरीच्या टायमाचा. ब्लेडनं खरवडला. करंगळीचा ठेवू दे म्हणत होती. नाही ठेवला. रुसली. रुसता रुसता खोकली. एकदा. मंग अजून. मंग माझ्या मांडीवर आंग हललं असा.

रेखा चुलीजवळून म्हणे, "तिले सदाच राहते तसा."

मी काही विचारलंच नव्हतं.

१२, शुक्रवार

पिशवीत काय भरलं ते पाह्यलं. घर माझं, पिशवी माझ्या माहेरच्या लग्नात आलेली, मी पाहीन. दोन चादरी. ताट, वाटी, गिलास. खोबऱ्याचं तेल. चार्जर. तनूची पावडरची डबी, त्यात चिंचोके, खेळायले. कागद प्लास्टिकच्या थैलीत. शेंगदाण्याची चटणी रेखानं एवढीशी घेतली. नागपूरची भाजी गोड राहते, म्हणून मी अजून भरली.

टावेलाच्या घडीत बाटली. खोकल्याचं औषध. अर्धी झालेली.

घडी अशी घातली होती की हात घातल्याशिवाय दिसू नये. टावेल पिशवीत वरच राहते, लागते पहिल्यांदा. हा तळाशी होता.

रेखाचंच काम. फोन घेऊन आंगणात गेली त्या दिवशीपासून माझ्या मनात होतं.

बाटली काढून भांड्याच्या मांडणीवर ठेवली, सगळ्यायले दिसीन अशी. मंग दारात तूर निवडत बसली. पाहू कोण उचलते.

रेखा आली. बाटली पाह्यली. माझ्याकडे पाह्यलं. हात लावला नाही. भांडे घासायले निघून गेली.

गजा जेवायले आला. जेवला. उठला, हात धुतला, मांडणीवरून बाटली उचलली, टावेलात गुंडाळली, पिशवीच्या तळाशी सारली. मी हातभर अंतरावर. माझ्याकडे पाह्यलं बी नाही.

सूप तसंच ठेवून मी म्हशीकडे गेली.

१३, शनिवार

सुनेवर संशय धरून बसली होती मी, अन् निघाला पोटचा.

थ्रेसरजवळ गेली. हा पट्टा ताणत होता.

"औषध कवापासून देऊन राह्यला तिले?"

"पोळ्यापासून."

"कोनाले इचारून?"

"रिसोडच्या मेडिकलवाल्यानं देल्लं."

"फोनवाली काय म्हनत होती? खोकला असीन तर?"

पट्टा सोडला त्यानं. म्हणे, "तर येऊ नका. फोन करा, पुढची तारीख देऊ. बेहोश करताना तरास होते म्हने."

"मंग?"

"मंग काय, माय. पुढची तारीख कवा? आठ दिवसात सोयाबीन सुरू होईन. एकदा थ्रेसर निघालं की मी महिना महिना या गावातून त्या गावात. रेखा एकटी नागपूरले जाईन? तिनं वाशीमच्या पुढं पाह्यलं काय? अन् त्याच डाक्टरनं मागच्या बारीले म्हनलं, उशीर करू नका. चढावर पाह्यलं नाई तू तिले? तिचा खोकला बी त्या भोकानंच असीन. भोक बुजलं की जाईन."

"असीन," मी म्हणलं. "अन् नसीन तं?"

पट्टा चढवायले लागला. माझ्याकडे पाठ.

घरी येऊन बसली. मोबाईल ओट्यावरच पडलेला. त्या बाईचा नंबर तनूले लावता येते. मी तिले लाव म्हणलं नाही.

१४, रविवार

आज जे पाह्यलं ते जसं आहे तसं लिहितो.

तनू आरशासमोर उभी. तोंड गच्च बंद. गाल फुगले, डोळ्यात पाणी, मान लाल. मी धावली, म्हणलं गिळलं काय पोट्टीनं, चिंचोका अडकला.

"सोड, आजी. मी गिळून राह्यली."

"काय?"

"खोकला. आई म्हने, डाक्टरसमोर आला तं गिळून घेजो. अन् त्यायनं इचारलं खोकला हाये काय, तं नाई म्हनजो. बाबानं बी तेच सांगतलं." मंग म्हणे, "शाळेत मॅडम म्हनते खोटं बोलू नये. डाक्टरसोबत चालते काय?"

आठ वर्षांचं लेकरू मले विचारते.

"पाह्य," म्हणे, "आता येते मले." अन् पुन्हा करून दाखवलं. आंग थरथरलं पण आवाज आला नाही. अशी खुश झाली जशी पाढे पाठ केले. मंग खाली बसली. चपलेचा पट्टा पाहायले लागली. पायात चप्पलच नव्हती.

मी म्हणलं, "खोकला आला तं खोकलजो. मोठ्यानं. माह्यं नाव सांगजो."

"मंग आई मारीन."

"तुह्या मायले मी पाहीन."

रेखा संध्याकाळी माझ्याजवळ बसली, आपणहून. रडली नाही. म्हणे, "आई, मी रात्री तिच्या छातीवर कान लावून झोपते. तारीख गेली अन् त्या महिन्यात काही झालं, तं मी कोनाले तोंड दाखवू?"

मी विचारलं, "अन् त्या टेबलावर झालं तं?"

म्हणे, "ते बी तेच."

एवढ्या वर्षात सून अन् मी एका गोष्टीवर एक झालो ते असं.

१५, सोमवार

सदरे आले. तनूले घातले. म्हाताऱ्याचा खिसा तिच्या पोटावर येते. त्या खिशात चिंचोके भरून हिंडली घरभर. बटनं मी पुन्हा घट्ट केली, शिलाईवालीचा दोरा कच्चा.

उद्या जीप वाशीमपर्यंत, मंग पुढं बस. वार्डात एकट्या मायले राहू देतात, बाप खाली. मले नेत नाही. म्हैस कोण पाहीन, हे कारण सांगतात. मी तिथं गेली तं बोलीन, हे खरं कारण. बरोबरच आहे त्यायचं.

वच्छली आली. सोबत मेथीचे धपाटे, फडक्यात बांधलेले. म्हणे, "रस्त्यात खायले." पितराचं काही बोलली नाही. धपाटे चांगले होते, एक खाऊन पाह्यला. भरवसा नाही कोणाचा.

रात्रीपासून खोकला कमी वाटते. का पोट्टी गिळून राह्यली, ते कळत नाही. आता हेच झालं, घरात शांत असलं की मले भेव वाटते.

१६, मंगळवार

जीपवाल्यानं हार्न वाजवला. पिशवी गजाच्या खांद्यावर. तनू म्हाताऱ्याच्या सदऱ्यात, हातात डबी. रेखानं मले नमस्कार केला. मी म्हणलं थांबा. जीपवाल्याले बी म्हणलं, इंजन बंद कर, डिझेल तुह्यंच जळते.

गावासमोर नाही, उंबरठ्याच्या आत घेतलं तिघायले.

म्हणलं, मी जास्त शिकेल नाही. भोक कोणतं अन् खोकला कोणता मले समजत नाही. तुमाले बी समजत नाही, त्या मेडिकलवाल्याले बी नाही. ज्याले समजते तो तिथं बसला आहे. त्याच्यावर माझा भरवसा नाही, फुकट करणाऱ्यावर मी भरवसा ठेवत नाही. पण आपणच त्याले फसवलं, तं उद्या त्याच्यापाशी भरवसा मागायचा कोणत्या तोंडानं? परत पाठवलं तं परत या. म्हैस विकीन, वच्छलीचा लेक गाडी चालवते, त्याले रेखासोबत धाडीन, काही तं करीन. नाही पाठवलं तं त्यायनं ऐकून-समजून ठरवलं असं होईन.

गजा म्हणे, "माय, उशीर होऊन राह्यला."

"होऊ दे. ऐक. भरती करतानाच डाक्टर इचारीन, खोकला हाये काय. तनूनं बोलायचं नाई, ते लेकरू हाये, तिच्या तोंडात काही घालू नका. रेखानं बी बोलायचं नाई, ती तुह्या तोंडाकडे पाहून बोलते. बाप तू हायेस. तूच बोलजो, पोळ्यापासून हाये म्हनून. अन् तनू ऐकीन असं, तिच्यासमोर बोलजो."