दोन लिटरची बाटली न उघडण्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
डास प्रतिबंधक मोहीम,
प्रभाग कार्यालय, कोपरी, ठाणे (पूर्व)

विषय: साठलेले पाणी ओतण्याच्या नोटिशीतून एक झाकणबंद बाटली वगळणे.
संदर्भ: आपली दि. ८ सप्टेंबर २०२५ची नोटीस.

महोदय,

मी रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवीधर असून दर रविवारी इमारतीतील मुलांना घरातल्या वस्तूंतून विज्ञानाचे प्रयोग करून दाखवत असे. सोमवारी आपले कर्मचारी श्री. रत्नदीप गावंड तपासणीस आले. कपाटावरची बाटली झाकणबंद असल्याचे मी त्यांना दाखवले. "मॅडम, पाणी ते पाणीच. तीन दिवसांत ओतून टाका," असे ते म्हणाले. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

१. दि. १३ जुलै रोजी आम्ही फुप्फुसात किती हवा मावते ते मोजले. पाण्याने भरलेली बाटली बादलीत उलटी धरून नळीने एका दमात फुंकायचे. जेवढे पाणी बाहेर जाईल तेवढी हवा. माझी मुलगी प्राप्ती, वय नऊ, हिने १६५० मिलिलिटर फुंकून शेजारच्या अक्षदाला हरवले. "आई, ओतू नको हं, पप्पांना दाखवायचंय," म्हणून तिने पाण्यातच झाकण लावून घेतले.

२. दि. २ ऑगस्ट रोजी प्राप्ती डेंग्यूने गेली. त्यामुळे आपल्या मोहिमेचे महत्त्व मला पटवावे लागणार नाही. मुळे कशी फुटतात हे दाखवण्यासाठी जुलैत मी एक रताळे बरणीत पाण्यावर ठेवले होते. तिला रुग्णालयात दाखल केल्यावर त्या बरणीत मला अळ्या दिसल्या. त्या बरणीमुळेच झाले, हे सिद्ध करता येत नाही. बरणीमुळे झाले नाही, हेही सिद्ध करता येत नाही.

३. बाटलीतले ३५० मिलिलिटर पाणी ओतायचे तर झाकण उघडावे लागेल. आतली हवा एकदा खोलीतल्या हवेत मिसळली की पुन्हा वेगळी करता येत नाही. हे मुलांना मीच शिकवले आहे.

झाकणावर मेण ओतून देण्यास, दर आठवड्याला तपासणी करू देण्यास आणि हमीपत्र लिहून देण्यास मी तयार आहे. घरातील बाकी सर्व भांडी पालथी आहेत. पिण्याचे पाणीसुद्धा मी रोज संध्याकाळी ओतून टाकते.

कायमची सवलत मी मागत नाही. प्लॅस्टिकमधून वायू फार सावकाश झिरपतात, पण झिरपतात. ती हवा आपल्या गतीने जाईल तेवढी मुदत मिळावी.

आपली विनम्र,
(सही)
मेघाली जयेश भोईर
सागरदीप इमारत, कोपरी
दि. १० सप्टेंबर २०२५

सोबत: नोटिशीची प्रत, मृत्यू दाखल्याची प्रत, बाटलीचे छायाचित्र.