अण्णांच्या पेपराला लावलेला पॅच

कंपू, ग्वाल्हेर
बुधवार, दुपार

प्रिय पुष्करराव यांस थोरल्या साडूचा सप्रेम नमस्कार.

इंदूरला सगळे खुशाल असाल आणि निवेदिताची पाठ आता बरी असेल, असं धरून चालतो. इकडे दुर्गा ठीक आहे, अण्णा तब्येतीने ठणठणीत आहेत, आणि मी हे पत्र लिहायला बसल्यापासून चार वेळा उठलो आहे. (एकदा गॅस बघायला. गॅस बंदच होता.) फोन करता आला असता, पण निवेदिता तो स्पीकरवर टाकते, आणि काही गोष्टी साडूने साडूला एकट्यालाच सांगायच्या असतात.

सासूबाई, आपल्या माई गेल्या, पाठोपाठ अण्णांच्या डोळ्यांनी दगा दिला, तेव्हापासून आपल्या सासऱ्यांना पेपर वाचून दाखवते ती कॉम्प्युटरमधली बाई. तुमच्या कॉम्प्युटरवर लिनक्सचं फेडोरा, माझ्या कॉम्प्युटरवर डेबियन, बाई मात्र एकच, ‘निनाद’ नावाच्या प्रोग्रॅममधली. तुमच्याकडे ती अख्खा पेपर वाचते. माझ्याकडे दहा ओळी झाल्या की मुकी, आणि अण्णा बिचारे तिला पुन्हा बोलती करायला कीबोर्ड चाचपत बसायचे. दिवाळीत त्यांनी दुर्गाला फोनवर सांगून टाकलं, की यंदाचा हिवाळा इंदूरलाच काढतो, तिथे पेपर पुरा होतो. त्यांच्यासाठी उन्हात घातलेली रजई तिने घडी करून परत पेटीत ठेवली. ते पाहून मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. पस्तीस वर्षं पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळले, आणि घरातल्या एका कॉम्प्युटरपायी बापाने लेकीकडे येऊ नये? दुर्गा म्हणाली, ‘अहो, पुष्कररावांना फोन लावून टाका ना, त्यात इतकं काय सोचायचं?’ आता थोरल्या जावयाने धाकट्यापुढे हात पसरायचा! मी म्हटलं, बघतो.

योगायोगाने मला एक पॅच मिळाला. (कुठून, ते महत्त्वाचं नाही.) पॅच म्हणजे काय ते तुम्हाला काय सांगायचं, चिठ्ठीच ती, की अमुक ओळ काढा आणि तिथे तमुक घाला. पण चिठ्ठी लिहिणारा आपल्याच घराचा नकाशा धरून चालतो. त्याचा निनाद नवाकोरा, माझा दोन वर्षं जुना, त्यामुळे सात जागांपैकी जुळल्या तीन. उरलेल्या चार मी हाताने बसवल्या. पहिल्या दिवशी बाई प्रत्येक बातमी दोनदा वाचू लागली. दुसऱ्या दिवशी ती पेपर सोडून माझ्या फायलींत शिरली, आणि शेजारच्या शालिनीताई चहाला आलेल्या असताना ‘नातू राजवर्धनच्या मुंजीला कोणाला टाळायचं’ ही यादी तिने खणखणीत आवाजात वाचली. शालिनीताई तिसऱ्या नंबरवर होत्या. (आता जिन्यात भेटल्या की त्या मोबाईलमध्ये बघतात.) चौथ्या दिवशी जमलं. त्या पॅचमध्ये प्रत्येक बातमीनंतर बाईला नुसतंच थांबायला लावणाऱ्या पाच-सात ओळी होत्या, कोणा आळशाने लिहिल्यासारख्या. त्या मी काढून टाकल्या.

तरी मला चैन पडेना. जो तो आपल्यापुरतं ठिगळ लावून मोकळा होतो, शेजाऱ्याचं फाटकं ते फाटकंच. अहो, विरजणसुद्धा माणूस वाटीभर शेजारी देतो. मी पॅच थेट निनाद बनवणाऱ्या मूळ मंडळींना पाठवला. त्यांनी घेतला, लिनक्सच्या आणखी दोन डिस्ट्रिब्यूशनवाल्यांनी घेतला, आणि आभारांत नाव आलं, माधवराव, ग्वाल्हेर. दुर्गाने ते महाराष्ट्र मंडळात सांगितलं, मंडळाने मला शाल दिली. त्याच उत्साहात आम्ही अण्णांना, आठ दिवस तरी या, म्हणून घेऊन आलो.

बाई अथपासून इतिपर्यंत न अडखळता वाचते. तिसऱ्या दिवशी अण्णांनी तिला बंद करायला लावलं. कारण विचारलं तर म्हणाले, ‘तुमची बाई एकटीच बोलत सुटते हो. इंदूरची थांबते.’ मला काही उलगडेना, पण दुर्गाला लगेच कळलं. माई रोज मोठ्याने पेपर वाचायच्या, प्रत्येक बातमीनंतर थांबायच्या, अण्णा त्या बातमीवर आपलं मत द्यायचे, आणि मगच पुढची बातमी. पुष्करराव, त्या ओळी आळशाने लिहिलेल्या नव्हत्या. अण्णांचं रविवारचं परतीचं तिकीट आहे, आणि मला एका जागी बसवत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो हे वाचूनही राहो.

तुमचा,
माधवराव

ता. क. पॅच तुमचा आहे. तुळशीच्या लग्नाला इंदूरला आलो असताना तुम्ही पोहे-जिलबी आणायला गेलात तेव्हा तुमच्या लॅपटॉपवरून मी पेनड्राइव्हवर घेतला. निनादवाल्यांना आज सकाळी खरं ते कळवलं आहे, यापुढे नाव तुमचं. शालही तुमची, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवतो.

ता. क. दुसरा. त्या पाच-सात ओळी शनिवारच्या आत पाठवा, हात जोडतो. पेनड्राइव्ह पुसून मी त्यावर मुंजीचे फोटो भरले. (मुलांना जन्मभर ‘प्रत ठेवा’ म्हणून ओरडणारा मीच.) माझ्या मनाने लिहून पाहिल्या. पाच सेकंद ठेवले तर बाई अण्णांचं बोलणं तोडते. वीस ठेवले तर अण्णा मध्येच विचारतात, ‘गेली का?’ तुम्ही हे कसं जमवलंत?

ता. क. तिसरा. पत्र पाठवता पाठवता थांबलो. आतल्या खोलीत दुर्गा स्वतःच पेपर घेऊन बसली आहे. अर्धे शब्द गाळते, आकडे हिंदीत वाचते, आणि अण्णांच्या प्रत्येक मतावर त्यांच्याशी भांडते. दोन तासांत दुसरं पान उलटलेलं नाही. अण्णांनी आत्ताच मला हाक मारून रविवारचं तिकीट रद्द करायला सांगितलं. तेव्हा ओळींची घाई नाही. पाठवल्यात तर माझ्याकडेच पाठवा, दुर्गाला कळू देऊ नका.