लाल गाडीचा जळका रिले

बाबा, गेल्या महिन्यात एक काम असं झालं की तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तू गेल्यावर वडप्याचा हायवे पार बदलला. भाताच्या खाचरांत गोदामं उभी राहिली. आपलं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान मात्र तिथंच आहे आणि ते मी चालवते, चांगलं चालवते. गावातल्याच एक ताई आहेत, माझ्याच वयाच्या. त्यांनी हौसेनं एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली, दोनच सीटची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी, आणि तिला नवा लाल रंग मारून घेतला. रंग मारल्यापासून ती चालता चालता बंद पडायला लागली. दर वेळी तेच, गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाला करंट देणारी ती काळी डबी, रिले, जळालेली. गॅरेजवाले नवीन बसवून द्यायचे, थोडे दिवस चालायची, पुन्हा जळायची. शेवटी एकदा पुलाच्या चढावर बंद पडली. शेजारी त्यांची म्हातारी आई, आणि मागून येणारा ट्रेलर ब्रेक दाबत हातभर अंतरावर थांबला. घरचे म्हणाले, आता ही भंगारात.

ताई माझ्याकडे आल्या त्या नवा रिले हातात घेऊनच. "एवढा बसवून द्या, मला निघायचंय." मी म्हटलं, "हा नाही बसवणार. आधी तो का जळतो ते बघू." त्या वैतागल्या. "सगळे पाच मिनिटांत बसवतात हो!" "म्हणून तर पुन्हा पुन्हा यावं लागतं ना तुम्हाला."

हे माझ्या तोंडून निघालं आणि मला तूच दिसलास. दिघाशीचा तो भाजीचा टेम्पो आठवतो? त्याचा मागचा दिवा सारखा जायचा आणि मी सारखा बल्ब बदलायचे. तू गिऱ्हाइकासमोरच माझ्या हातातला बल्ब काढून घेतलास. "बल्ब बदलला म्हंजे काम झालं न्हाय. जो जळला त्याचा काय गुन्हा हाय? त्याला जाळतंय कोण, त्ये शोध." मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी डबा घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं तू बाहेर आलास, शेजारी बसलास आणि माझ्या डब्यातली भाकरी मोडून खायला लागलास. माफी मागायची तुझी तीच रीत होती.

तर, मी डॅशबोर्डखालचं झाकण काढलं, नवा रिले बसवला तो फक्त तपासापुरता, त्याला करंट मोजायच्या मीटरच्या तारा लावल्या आणि ताईंना म्हटलं, "चला, तुम्ही चालवा." पडघ्याच्या दिशेनं निघालो. बराच वेळ काहीच नाही. ताई मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या, आणि मी रिलेवर बोट टेकवून बसले होते. रस्ता खराब लागला तसा बोटाखाली रिले थरथरायला लागला, टकटकटक, आणि मीटरचा आकडा धाडकन खाली आला. "गाडी बाजूला घ्या," मी म्हटलं, "सापडलं." रिलेला करंट जात होता, पण परत यायची वाट धड नव्हती. कार्पेट उचलून तार धरत गेले, तर अर्थिंगचा, म्हणजे करंट पत्र्यातून परत नेणारा बोल्ट नव्या रंगावरच आवळलेला. खाली चकचकीत लाल थर, पत्र्याला नीट टेकतोय कुठे? हादरा बसला की रिले अर्धवट लागायचा, सुटायचा, आतल्या आत ठिणग्या पडून जळायचा. मी रंग खरवडून पत्रा उघडा केला, बोल्ट घट्ट आवळला, वर ग्रीस लावलं. परत त्याच खराब रस्त्यानं आलो. बोटाखाली रिले गप्प होता. ताई एकदम हसल्या आणि त्यांनी गाडी अशी पळवली की मीच म्हटलं, "अहो, हळू!"

गाडी तेव्हापासून बंद पडलेली नाही. परवा त्यांनी आईला शेजारी बसवून वज्रेश्वरीला नेलं, गरम पाण्याच्या कुंडावर. येताना दुकानासमोर थांबल्या. म्हातारी काच खाली करून म्हणाली, "बाय, आता न्हाय ना भ्यायचं?" मी म्हटलं, "न्हाय आजी. खुशाल बसा." असं छातीठोक बोलणं मला पूर्वी जमत नव्हतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तो फॉल्ट तुला सापडला नसता असं मला वाटतं. उभ्या गाडीत तुझा तो करंट तपासायचा दिवा, टेस्ट लॅम्प, छान पेटला असता आणि तू म्हणाला असतास, अर्थिंग ठीक हाय. मीटर होता म्हणून धरता आलं. यावर तू भांडला असतास, की चालत्या गाडीत लॅम्प धरला असता तर तोही लुकलुकला असता. बरोबर आहे तुझं. पण तू समोर असतास, तर मी हे कबूल केलं नसतं.