पोट लहान करण्याविषयी ताईचा सल्ला

तीर्थरूप ताईला,

धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण तू निवृत्त झालीस तरी मुख्याध्यापिकाच. खोटं लिहिलेलं तुला चालत नाही. साष्टांगाला आठही अंगं जमिनीला टेकावी लागतात. मी पालथा झालो की सध्या एकच टेकतं, मधलं, आणि बाकीची सात अधांतरी राहतात. तेव्हा उभ्याउभ्या केलेला नमस्कार गोड मानून घे. तुझी टाच दुखायची थांबली का? भावोजींना ऐकू येत नाही ही तक्रार अजून आहे का? (मागच्या खेपेला मी तुझ्या स्वयंपाकघरात बिस्किटांचा डबा अगदी हलक्या हाताने उघडला, तर ते बाहेरच्या खोलीतून 'मलाही दोन' म्हणाले होते. तू जरा नीट तपास कर.)

पत्राचं कारण असं, की मला तुझा सल्ला हवाय. फोन केला असता, पण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला निकाल देतेस, आणि हे प्रकरण पहिल्यापासून ऐकायला हवं. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून माझं पोट लहान करावं. करावं की करू नये, हे तू ठरवायचंस. तू म्हणशील ती पूर्व दिशा.

आता हे डॉक्टर मला भेटले कसे ते ऐक. माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा आधी तोंड दाखवतो. मी आधी पाय दाखवले. झालं असं, की एका सहा मजली इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत तिघं होते: एक वकीलबाई, एक फुलवाला आणि हे डॉक्टर. दुरुस्तीला आम्ही दोघं गेलो, आणि माझा जोडीदार (आम्ही त्याला काडी म्हणतो, आणि तो तसाच आहे) वर मशीनरूममध्ये गेला. खरं तर तो लिफ्ट हाताने फिरवून मजल्याला लावेपर्यंत मी लिफ्टच्या छतावर गप्प उभं राहायचं, एवढंच माझं काम होतं. पण आतून वकीलबाई अशा आवाजात बोलत होत्या, की मला वाटलं, खाली उतरून चार धीराचे शब्द बोलावेत. त्या छताला एक झडप असते. तीस वर्षं त्या झडपेतून मी वरखाली करतोय. त्या दिवशी उघडली, पाय खाली सोडले, आणि कमरेला थांबलो. म्हणजे थांबलो असं नाही, थांबवलं गेलो. वर अंधारात निम्मा मी आणि खाली उजेडात निम्मा मी, आणि खालच्या निम्म्याचे दोन्ही पाय थेट फुलवाल्याच्या गुच्छात.

वकीलबाई म्हणाल्या, "हे आपल्याला बाहेर काढायला आलेत की आत राहायला?" मी वरून सांगितलं, की घाबरू नका. (माझा आवाज वर निघून गेला असावा, कारण काडीने मशीनरूममधून ओरडून सांगितलं, की मी नाही घाबरलो.) तेवढ्यात कुणीतरी माझ्या घोट्यावर अंगठा दाबला.

"खड्डा पडतोय. शुगर कधी तपासलीत?"

"साहेब, आधी लिफ्ट सुरू होऊ दे."

"ती होईल हो. झोपेत घोरता?"

"मला काय माहीत, मी झोपलेला असतो."

"वजन किती?"

"एकशे दहा," मी म्हणालो. त्यावर वकीलबाईंचा आवाज आला, "शपथेवर सांगा." मग मी एकशे चौतीस सांगितलं. काय करणार, त्यांचे हात माझ्या पायांपर्यंत पोचत होते.

पुढे काडीने लिफ्ट चौथ्या मजल्याला लावली, दार उघडलं आणि तिघं सुखरूप बाहेर गेले. जाताना डॉक्टरांनी स्वतःचं कार्ड माझ्या पायमोज्यात खोचलं. मला मात्र मोकळं व्हायला चाळीस मिनिटं लागली. लिफ्टच्या रुळांना लावायचं ग्रीस शेवटी मला लावलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण आमच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं आणि लिफ्टवर चढायचं नाही, उद्यापासून ऑफिसात बसून तक्रारींचा फोन घ्यायचा, असं सांगितलं. ताई, मी तक्रारींचा फोन आठ दिवस घेतला. लोक 'लिफ्ट बंद आहे' म्हणतात, मी 'माणूस पाठवतो' म्हणतो, आणि तो माणूस मी नसतो. नवव्या दिवशी मी पायमोजा धुवायला टाकण्याआधी ते कार्ड काढून घेतलं. (हो, नऊ दिवस. तू हे वाक्य वाचून नाक मुरडू नकोस.)

दवाखाना मात्र चांगला आहे. तिथल्या खुर्च्यांना हात नाहीत. बसताना अडचण नाही आणि उठताना खुर्ची सोबत येत नाही. एवढा विचार माझ्यासाठी आजवर कुणी केला नव्हता, त्यामुळे मी पहिल्या पाच मिनिटांतच अर्धा हरलो होतो. डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं, त्यातला मोठा भाग रेघ मारून उडवला आणि उरला तो केळ्याएवढा. मी विचारलं, केळं साधारण केवढं धरायचं? ते म्हणाले, तुम्ही मनात धरलंय त्याहून लहान. मग त्यांनी समोर बसून सरळ सांगितलं, की ही जादू नाही, पुढे जन्मभर मोजून खावं लागेल, गोळ्या घ्याव्या लागतील, आणि ऑपरेशनला धोका असतोच, पण तो तुमच्या आत्ताच्या धोक्यापेक्षा कमी आहे. हेही म्हणाले, की हा आळस नव्हे, आजार आहे. ताई, एकावन्न वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला एकदम खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसू लागलं.

शेजारच्या खोलीत आहार सांगणाऱ्या बाई बसतात. त्यांनी एक वही दिली आणि सात दिवस जे खाल ते खरंखरं लिहा म्हणाल्या. मी खरंखरं लिहिलं. पहिल्याच दिवशी चार पानं झाली. चूक एवढीच, की वही जेवणाच्या टेबलावर ठेवली. तुझी भावजय तीस वर्षं वाचनालयात आहे. उघडं पान दिसलं की तिला वाचल्याशिवाय राहवत नाही. 'सव्वाअकरा वाजता मशीनरूममधल्या डब्यातून सहा बिस्किटं' इथे तिने बोट ठेवलं. मग खाली सरकत गेली. दुसरी मशीनरूम, शेंगदाणे. तिसरी मशीनरूम, केक. माझ्याकडे अकरा इमारती आहेत हे तुला ठाऊकच आहे. ती एवढंच म्हणाली, "अकरा?" रागावली असती तर बरं झालं असतं. रविवारी तिने मला अकराही ठिकाणी नेलं आणि डबे गोळा केले. त्यातले चार डबे आमच्याच घरातून हरवले म्हणून तिने शेजारच्या बाईंशी दोन वर्षं अबोला धरला होता.

मी काही लगेच ऑपरेशनला तयार झालो असं समजू नकोस. आधी तीन आठवडे स्वतःच्या बळावर प्रयत्न केला. दोन किलो गेले, आणि जाऊन तीन घेऊन आले. मग मी विरोधातले मुद्दे काढले. एक तर भूल देतात म्हणे. दिलेली वेळेवर परत घेतात का, हे कुणी खात्रीने सांगत नाही. दुसरं, लहानपणापासून माझे अपराध तू पोटात घालत आलीस. आता उतारवयात तुझे दोनचार मी घालावेत अशी वेळ आली, तर केळ्याएवढ्या पोटात काय काय मावणार? आणि तिसरं, जे मी बायकोला सांगितलं नाही: मी बारीक झालो आणि तरीही मीच उरलो, तर? आजवर जे जे जमलं नाही ते सगळं मी वजनावर ढकललं. ते गेल्यावर कुणावर ढकलू?

हे मुद्दे मी पंधरा दिवस बाळगले. मग वाचनालयातून फोन आला. तुझी भावजय भरदुपारी टेबलावर बसल्याबसल्या झोपली होती. एका आजोबांनी पुस्तक पुढे केलं, आणि तिने झोपेतच परतीच्या तारखेचा शिक्का त्यांच्या मनगटावर मारला. (आजोबा चांगले. म्हणाले, तारीख पंधरा दिवसांनंतरची आहे, तोवर मी निर्धास्त.) मी तिला घ्यायला गेलो. स्कूटरवर मागे बसल्यावर म्हणाली, की तुमचा श्वास झोपेत मध्येच थांबतो. मी कोपराने ढोसलं की परत चालू होतो. म्हणून मी जागी असते. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, मोठं स्वयंपाकघर केलं त्या वर्षापासून. ताई, ते होऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षं मी उठून तिलाच विचारत होतो, की माझ्या बरगड्या का दुखतात.

असो. दोन्ही बाजू तुझ्यासमोर मांडल्या आहेत. घाई नाही. शांतपणे विचार कर, भावोजींशी बोल (जोरात), आणि तुझ्या नेहमीच्या स्वच्छ अक्षरात निर्णय कळव. तो मला मान्य असेल.

तुझा धाकटा

ता. क. ऑपरेशन येत्या मंगळवारी सकाळी नऊला आहे. सही करून आलोय. तेव्हा सल्ला देताना 'कर' असाच दे. दुसरा दिलास तर वाया जाईल.

ता. क. २. तू सोमवारी संध्याकाळपर्यंत येऊ शकशील का? माझ्यासाठी नाही. मला अजिबात भीती वाटत नाही. (या वाक्याखाली तू लाल रेघ मारणार.) हिला बाहेरच्या बाकावर तीनचार तास एकटीने बसावं लागेल. ती रडणार नाही, आणि न रडणाऱ्या माणसाजवळ कुणीतरी बसायला हवं.

वन्सं, नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं होतं. पाकीट चिकटवलेलं होतं, पण नीट नव्हतं. दोन दुरुस्त्या करते. चाळीस मिनिटं नव्हे, दोन तास. आणि ग्रीसने काम झालं नाही, पँट कापावी लागली. ते वकीलबाईंचा काळा कोट गुंडाळून घरी आले. तो अजून परत करायचाय. आणि मी रडणार नाही हे साफ चूक आहे, मी आत्ताच रडतेय. तुम्ही याच. फक्त मी हे वाचलं असं त्यांना कळू देऊ नका. माझ्यासमोर न घाबरल्यासारखं दिसायला ते फार कष्ट घेताहेत. कालपासून शिट्टीसुद्धा वाजवतात.