पक्क्या खोलीतली पोती

मंगळवार, दिवेलागण

दुपारी जमीन हादरली. क्षणभरच, पण मांडणीवरची भांडी वाजली. मी पळत अंगणात आले आणि मग आठवलं, सासूबाई आत जुन्या दगड-मातीच्या खोलीतच आहेत.

मागच्या भूकंपानंतर सासऱ्यांनी पक्की खोली बांधली ती झोपण्यासाठीच. तिथं मी बियाण्याच्या सोयाबीनची पोती रचली. उंदीर लागू नयेत म्हणून! सासूबाईंची बाज मीच जुन्या खोलीत, दगडी भिंतीखाली नेली. "चार दिवसांपुरतं," मी म्हणाले होते. दोन पावसाळे गेले. कशी विसरले मी?

भिंतीला धरून त्या बाहेर आल्या. केसांत माती. पहिलं विचारलं काय, तर "बियाण्याला काही झालं न्हाई ना?"

"न्हाई आत्याबाई," मी म्हणाले, "ते पक्क्या खोलीत हाय."